वाचकांचे प्रश्न : निसर्गफेरी, व्याख्याने आणि आपल्या परिसरातील वन्यजीव

नोव्हेंबरच्या 5 तारखेला मारुती चितमपल्ली यांचा आणि 12 तारखेला डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस येतो. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारच्या निर्णयानुसार 2020 पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. यंदाच्या सप्ताहानंतर या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे निसर्गफेऱ्या आणि वन्यजीवांवरील व्याख्याने यांविषयीच होती. त्यांपैकी काही निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वसाहतीतील वाचनालयातर्फे आम्ही दरमहा निसर्गफेरी सुरू केली. पहिल्या महिन्यात नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो, तेव्हा बस भरली होती. दुसऱ्या महिन्यात अंजनेरीला बारा जण आले आणि तिसऱ्या फेरीला पाचच. हा उपक्रम टिकवायचा कसा? (निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक)

लोकांच्या आळसाला दोष देण्याआधी आपण ठिकाणांच्या निवडीकडे पाहावे, असे मला वाटते. दर महिन्याला नवे आणि लांबचे ठिकाण ठरवले की पहाटे चारला उठणे, बसचे भाडे, डबा, परतीचा उशीर हे सारे आले. साठी ओलांडलेल्या माणसांना किंवा लहान मुले असलेल्या घरांना ते दर महिन्याला झेपत नाही. शिवाय एकदा पाहिलेले ठिकाण 'झाले' असे समजून आपण पुढे जातो आणि तिथेच खरा निसर्ग हातातून निसटतो. आपल्या घरापासून पांडवलेणीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान जवळ आहे. महिन्याचा एक रविवार ठरवून, सकाळची एकच वेळ आणि एकच वाट ठेवून, वर्षभर तिथेच जाऊन पाहा. नांदूरमध्यमेश्वरसारखे लांबचे ठिकाण वर्षातून दोनदा पुरे.

त्याच वाटेवर बारा वेळा गेल्यावर जे दिसते, ते बारा वेगळ्या ठिकाणी एकेकदा जाऊन दिसत नाही. थंडीच्या सुरुवातीला शेपटी वरखाली करणारा धोबी पक्षी उत्तरेकडून येऊन दाखल होतो, आणि उन्हाळा तापू लागला की तो गेलेला असतो. फेब्रुवारीत काटेसावर आणि पळस फुलले की शिंजिर, मैना आणि बुलबुल त्यांच्यावर तुटून पडतात. तांबटाची ठोक ठोक उन्हाबरोबर वाढत जाते. मेच्या अखेरीस पावशा 'पेरते व्हा' म्हणू लागतो, आणि ज्या आजोबांनी लहानपणी गावाकडे तो ऐकला असेल, ते त्या दिवशी न विचारता बोलू लागतात. माणसे पुन्हा येतात ती अशा ओळखीमुळे. मागच्या वेळी अर्धवट बांधलेले घरटे आता पूर्ण झाले का, हे पाहायची ओढ कोणत्याही नव्या ठिकाणापेक्षा मोठी असते.

दुसरी गोष्ट नोंदींची. एक जाड वही घ्या आणि प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, हवामान, दिसलेल्या पक्ष्यांची नावे आणि संख्या तीत लिहा. संख्या महत्त्वाची आहे. 'पुष्कळ बगळे' या नोंदीचा पुढे कोणालाही उपयोग होत नाही, 'गायबगळे 34' या नोंदीचा होतो. मोबाईल वापरणारे कोणी असतील, तर हीच यादी त्यांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवावी, म्हणजे ती अभ्यासकांपर्यंत पोहोचेल. हे काम कोरडे वाटेल, पण संरक्षणाचा पाया तोच आहे. पाणथळ जागांसाठी 1971 मध्ये इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या निकषांमध्ये एक निकष असा आहे की, त्या जागी नियमितपणे 20,000 किंवा त्याहून अधिक पाणपक्षी असावेत. 'नियमितपणे' हा शब्द सिद्ध करायला वर्षानुवर्षांची मोजणी लागते. जानेवारी 2020 मध्ये नांदूरमध्यमेश्वरला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आणि महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ ठरले. अशा मान्यतेच्या मागे पहाटेच्या थंडीत दुर्बीण घेऊन पक्षी मोजणाऱ्या अनेक माणसांचे श्रम असतात. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते आणि तिच्यात सामान्य नागरिकही भाग घेऊ शकतात. आपल्या गटाने वर्षभर जवळच्या जवळ सराव केला, तर पुढच्या जानेवारीत तो गट पाहुणा म्हणून न जाता मदतनीस म्हणून जाईल.

तिसरी गोष्ट मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी गंगापूर धरणाच्या पाणलोटाकडे मी तीसेक जणांना घेऊन गेलो होतो. खडीत टिटवीची चार अंडी होती, दगडांत दगडासारखी मिसळलेली. सर्वांना ती पाहता यावीत म्हणून मी पाच-पाच जणांना जवळ नेले. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती आणि मी तिच्या ओरडण्याचा अर्थ लोकांना समजावून सांगत होतो. आठवड्याने एकटा गेलो, तेव्हा तिथे अंडी नव्हती आणि पिल्लांची चाहूलही नव्हती. आमच्या पावलांनी तिथवर वाट पाडली होती आणि त्या वाटेने कुत्रे आले की मुंगूस, हे कळायला मार्ग नव्हता. तेव्हापासून एका मार्गदर्शकामागे पंधरापेक्षा अधिक माणसे मी घेत नाही आणि घरटे कुणालाही दाखवत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे, त्यांना त्रास देणे हेही येते. ही गोष्ट प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला सांगण्यासारखी आहे.

आणि नांदूरमध्यमेश्वरला पुन्हा जाल, तेव्हा चापडगाव किंवा खाणगाव थडीच्या मनोऱ्यावरून चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदके पाहून लगेच परतू नका. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्यांसाठी बंधारा घातला गेला. त्याच्यामागे गाळ साचत गेला, बेटे आणि दलदल तयार झाली आणि त्या दलदलीमुळे पक्षी आले. म्हणजे ही पाणथळ माणसाच्या कामातून घडली आहे आणि माणसाच्या कामातून बिघडूही शकते. सायखेड्याजवळ नदीत तरंगणारे पाणवेलींचे गालिचे आपल्या मंडळींना अवश्य दाखवा. नाशिक शहराचे सांडपाणी ज्या नदीत जाते आणि या पाणवेली ज्यावर पोसतात, त्याच नदीच्या खालच्या अंगाला हे अभयारण्य आहे. बदकांच्या फोटोइतकाच वेळ या पाणवेलींसमोर घालवलात, तर आपली फेरी इंदिरानगरला परत आल्यावरही चालू राहील.

प्रश्न : शहरातली माणसे आमच्या भागात मोटारी घेऊन पक्षी बघायला येतात, आम्हाला पर्यावरणाचे धडे देतात आणि जातात. इकडे उसात बिबट्या आहे. रात्री लाईट आली की पाणी भरायला जीव मुठीत धरून जावे लागते. आम्ही वन्यजीव का वाचवायचे? (शेतकरी, निफाड तालुका)

आपला राग रास्त आहे आणि मी त्याला उपदेशाने उत्तर देणार नाही. ज्यांच्या अंगणात बिबट्या येत नाही, त्यांनी ज्यांच्या अंगणात येतो त्यांना सहजीवन शिकवणे, हे मलाही खटकते. रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे शेतकऱ्याला अंधारात उसात उतरावे लागते. बिबट्याचा वावर असलेल्या गावांना सिंचनासाठी दिवसा वीज मिळावी ही मागणी म्हणूनच वन्यजीव संरक्षणाचीच मागणी आहे, आणि ती करताना शहरातल्या निसर्गप्रेमींनी आपल्या शेजारी उभे राहिले पाहिजे.

'पकडा आणि लांब सोडा' या उपायाबद्दल मात्र मला जे माहीत आहे, ते आपल्यासमोर ठेवतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात 2001 नंतर बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून इतरत्र सोडण्यात आले. त्याआधी तिथे माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते त्या काळात 17 वर गेल्याचे अभ्यासातून पुढे आले. बिबट्या आपली हद्द धरून राहतो. एक उचलला की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा, बहुधा वयाने लहान आणि त्या परिसराला अनोळखी, येऊन बसतो. आणि उचलून नेलेला परक्या मुलखात भेदरलेल्या अवस्थेत फिरतो. माणसावर वारंवार हल्ला करणाऱ्या बिबट्याची गोष्ट वेगळी, त्याला पकडणे भागच असते. पण नुसता दिसलेला प्रत्येक बिबट्या पिंजऱ्यात गेल्याने गाव अधिक सुरक्षित होत नाही.

ऊसतोडीच्या हंगामाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण निफाड, सिन्नर आणि दारणाकाठच्या गावांत हा प्रसंग दरवर्षी येतो. उसाचा फड बिबट्याच्या मादीला झाडीसारखाच वाटतो आणि ती तिथेच वीते. तोडणी करणाऱ्या टोळीला बछडे सापडतात, गर्दी जमते, कोणी ते उचलून घेऊन फोटो काढतात. अशा वेळी पहिले काम म्हणजे तोडणी थांबवून सर्वांनी मागे सरणे, आणि दुसरे म्हणजे वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करणे. बछड्यांना त्याच जागी क्रेटमध्ये ठेवले की रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते, हा अनुभव नाशिक जिल्ह्यात अनेकदा आला आहे. बछडे कायमचे हलवले, तर ती मादी त्याच शिवारात त्यांना शोधत फिरते आणि तो काळ गावासाठी सर्वांत धोक्याचा असतो.

टोळीच्या कोप्या (झोपड्या) उसाला लागून असतात, लहान मुले उघड्यावर झोपतात आणि बिबट्याबद्दल त्यांना कोणी काहीच सांगितलेले नसते. वन्यजीवांवरचे व्याख्यान खरे तर शहराच्या सभागृहाआधी तिथे, संध्याकाळी सहाला, कोपीसमोर व्हायला हवे : मुलांना मध्ये घेऊन झोपावे, अंधार पडल्यावर उसाच्या कडेला एकट्याने बसू नये, शेळ्या बंदिस्त गोठ्यात ठेवाव्यात, गावाकडेची भटकी कुत्री आणि मेलेल्या कोंबड्यांचे ढीग बिबट्याला बोलावतात. पंधरा मिनिटे पुरतात. जनावर दगावले, तर ते न हलवता ताबडतोब वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा, कारण भरपाई त्यावरच अवलंबून असते.

मोटारी घेऊन येणाऱ्यांबद्दल एवढेच सांगतो : गावातला वाटाड्या न घेता आणि गावात एक रुपयाही खर्च न करता परतणारा गट निसर्गफेरीला आला होता, असे मी मानत नाही. अभयारण्याकाठच्या गावांतील तरुण दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोप घेऊन पक्षी दाखवतात. त्यांचे नाव आणि ज्ञान पुढे यावे, यासाठी या सदरातून मी पूर्वीही लिहिले आहे आणि पुढेही लिहीन.

प्रश्न : शाळेत सापांविषयी व्याख्यान ठेवायचे आहे. एक सर्पमित्र जिवंत नाग आणि धामण घेऊन येण्यास तयार आहेत. मुलांची भीती जाईल असे ते म्हणतात. परवानगी द्यावी का? (शिक्षक, पंचवटी)

देऊ नये. साप बाळगणे आणि त्यांचे खेळ किंवा प्रदर्शन करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि शाळेने तो मुलांसमोर घडू देणे योग्य नाही. लोकवस्तीत निघालेला साप पकडून लवकरात लवकर योग्य अधिवासात सोडणे, एवढेच सर्पमित्राचे काम आहे. व्याख्यानासाठी त्याला पिशवीत ठेवून घेणे त्या कामात बसत नाही. शिवाय हाताळलेला नाग पाहून मुलांची भीती जाते, तशी सावधगिरीही जाते, आणि हे फार महागात पडू शकते.

मोठ्या आकाराची स्पष्ट छायाचित्रे पुरेशी आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची ओळख आधी पक्की करून घ्या आणि मग त्यांच्याशी गल्लत होणारे बिनविषारी साप शेजारी दाखवा : घोणशीशेजारी डुरक्या घोणस, मण्यारीशेजारी कवड्या. धामण उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य वाचवते, हे सांगाच. परंतु तासाचा निम्मा वेळ दंशानंतर काय करावे यासाठी राखून ठेवावा. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. हातपाय हलू न देता रुग्णाला धीर देत थेट सरकारी रुग्णालयात न्यावे, कारण या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिसर्पविषाची लस तिथे मिळते. मण्यारीचा दंश अनेकदा रात्री जमिनीवर झोपलेल्यांना होतो आणि तिथे वेदना किंवा सूज फारशी नसते, त्यामुळे घरचे 'काही नाही' म्हणून पहाटेपर्यंत थांबतात. हे एक वाक्य आपल्या मुलांनी घरी जाऊन सांगितले, तरी व्याख्यानाचे चीज झाले.

प्रश्न : दर मे-जूनमध्ये मित्रमैत्रिणींचा गट घेऊन मी भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाते. गेल्या वर्षी काजव्यांपेक्षा मोटारींचे दिवेच अधिक दिसले. आम्ही जाणे बंद करावे का? (विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

बंद करावे असे मी म्हणणार नाही, पण गर्दीच्या शनिवार-रविवारी जाणे टाळावे. काजव्याचा प्रकाश म्हणजे नर आणि मादीमधले बोलणे आहे. नर लुकलुकतो, खाली गवतात किंवा पानावर बसलेली मादी उत्तर देते आणि त्यावरून ते एकमेकांना शोधतात. मोटारीचा दिवा, मोबाईलची बॅटरी, कॅमेऱ्याचा फ्लॅश यांमुळे ते बोलणे तुटते. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचेच असल्याने, प्रत्येक वाया गेलेली रात्र त्याच्या दृष्टीने मोठी असते. वाट सोडून झाडाखाली गेलेली पावले जमिनीवरच्या माद्या आणि ओल्या मातीतली अंडी तुडवतात. त्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात आणि पुढच्या वर्षीचे काजवे त्यांच्यातूनच यायचे असतात.

म्हणून गाडी गावातच ठेवावी, स्थानिक वाटाड्याबरोबर पायी जावे, चालण्यापुरता लाल कागद लावलेला एकच टॉर्च वापरावा, अंगाला डास पळवणारी मलमे फासून झाडाजवळ जाऊ नये आणि पोहोचल्यावर वीस मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यावेत. छायाचित्र काढायचे असेल, तर ते दूरवरून, तिवई लावून काढता येते. त्याशिवाय, आपल्या गटातील कोणाचे आजोळ इगतपुरी, त्र्यंबक किंवा पेठ भागात असेल, तर तिथेही काजवे आहेत का, हे विचारून पाहा. एका जागेचा बोलबाला झाला की ती जागा सोसत नाही, एवढे आपण गेल्या वर्षी पाहिलेच आहे; त्यामुळे नवी जागा सापडली, तर तिचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळाने ममदापूरच्या माळावर पाचशे रोपे लावायचे ठरवले आहे. तिथे झाडे फार कमी आहेत. काळविटांना सावली मिळेल. कोणती झाडे लावावीत? (येवला)

तिथे झाडे लावू नयेत. आपला हेतू चांगला आहे, पण ममदापूरचे संवर्धन राखीव क्षेत्र ज्या काळविटांसाठी आहे, तो गवताळ माळावरचा प्राणी आहे. त्याचा बचाव दूरवर दिसण्यात आणि वेगाने धावण्यात आहे. दाट झाडी त्याच्यासाठी अडथळा आणि शत्रूला लपायची जागा ठरते. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे सर्व त्याच माळाचे रहिवासी आहेत. माळ म्हणजे उजाड झालेले जंगल, हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज आहे आणि चांगल्या माणसांनी केलेल्या वृक्षारोपणाने आजवर बरेच माळ गमावले आहेत. आपल्या श्रमदानाचा तिथे उपयोग करायचाच असेल, तर वनविभागाला विचारून उन्हाळ्यातील पाणवठ्यांची देखभाल करा, पसरलेली वेडी बाभूळ काढायला मदत करा, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषांच्या (गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांच्या) कामात सहभागी व्हा आणि गावातल्या मोकाट कुत्र्यांचा प्रश्न ग्रामसभेत मांडा, कारण काळविटांच्या पाडसांना त्यांचा मोठा धोका असतो.

रोपे आधीच आणली असतील, तर गावठाणात, शाळेच्या आवारात, ओढ्याच्या काठाने लावावीत : करंज, कडुनिंब, उंबर, पळस, काटेसावर. गिरिपुष्प मात्र नको. झटपट वाढते म्हणून अनेक टेकड्यांवर ते लावले गेले. त्याचे मराठीतले दुसरे नाव उंदीरमारी आहे, यावरून त्याचा गुण कळावा.

प्रश्न : संक्रांतीला जखमी पक्षी सापडला तर काय करावे? (दोन पत्रे, नाशिक रोड आणि येवला)

पंखात गुंतलेला मांजा ओढू नये. पक्ष्याच्या दोन्ही बाजूंनी थोडे अंतर ठेवून कात्रीने कापावा. पक्ष्याला सुती कापडात अलगद गुंडाळून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. 1926 वर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली आहे, त्यामुळे त्याची विक्री दिसल्यास पोलिसांकडे तक्रार करता येते. आणि सणानंतरचा पहिला रविवार आपल्या मंडळाने निसर्गफेरीसाठी राखून ठेवावा : बांबूला आकडी बांधून गल्लीतल्या झाडांवर, तारांपासून लांब राहून, अडकलेला मांजा काढत फिरावे. घार आणि वटवाघळे त्या लोंबत्या धाग्यांत पुढे कित्येक आठवडे अडकत राहतात. विजेच्या तारांवरचा मांजा मात्र स्वतः काढू नये, तो महावितरणला कळवावा.